गप्प राहिलेला गजर

१

बाटलीतले बुडबुडे थांबले हे सगळ्यात आधी कळलं ते सिस्टरच्या पाठीला.

ती टेबलाशी उभी राहून तक्ता भरत होती. मागे आजींच्या खाटेपाशी ऑक्सिजनची पाण्याची बाटली बुडबुडत होती. अतिदक्षता कक्षात अकरा वर्षं काढल्यावर तो आवाज ऐकू येत नाही. शेगडीवर आधण असावं तसा तो मागे नुसता असतो. सकाळी अकराला सात मिनिटं कमी असताना तो नव्हता. सिस्टर वळली. बाटलीतलं पाणी आरशासारखं स्तब्ध, आणि आजींचे ओठ जांभळट.

तिने भिंतीवरच्या पॅनेलकडे पाहिलं. ऑक्सिजनच्या नावापुढे हिरवा दिवा, दाबाचा आकडा चार पूर्णांक एक. म्हणजे सगळं आलबेल. दाब कमी झाला की हेच पॅनेल लाल होऊन असा ठणाणा करतं की शेजारच्या वॉर्डातला माणूसही उठून बसावा. आत्ता ते ढिम्म होतं.

"तुला काय कळतंय मेल्या," असं पॅनेलला सुनावून तिने कोपऱ्यातलं सिलिंडर ओढलं, आजींची नळी त्याला जोडली आणि मगच ओरडली. आधी काम, मग आरडाओरडा, हा तिचा नियम. पाऊण मिनिटात आजींच्या ओठांवर रंग परतला. खोलीतल्या दुसऱ्या पेशंटला ऑक्सिजन लागत नव्हता आणि तिसरी खाट रिकामी होती, हे त्या दिवसाचं नशीब.

गॅसमामा दोन जिने चढून धापा टाकत आले. चौतीस वर्षं हॉस्पिटलचा सगळा ऑक्सिजन सांभाळणारा माणूस. निवृत्तीला चार महिने उरलेले. ते आत न जाता थेट बाहेरच्या व्हरांड्यातल्या पेटीपाशी गेले. त्या पेटीत या कक्षाकडे जाणाऱ्या पाइपांचे तीन व्हॉल्व्ह, त्यांच्या तीन दांड्या. दांडी पाइपच्या रेषेत उभी म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, आडवी म्हणजे बंद. ऑक्सिजनची दांडी आडवी होती. मामांनी ती उभी केली आणि आत बाटली पुन्हा बुडबुडू लागली.

तासाभराने व्यवस्थापकांनी विचारलं, "मामा, ती दांडी तुम्ही बंद केली होती?"

मामांनी हातातल्या फडक्याने बोटं पुसली. एक एक बोट, सावकाश.

"माझंच लक्ष नव्हतं, साहेब," ते म्हणाले. आणि त्यानंतर दोन दिवस त्या विषयावर त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

२

तपासनीस बाई तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या. हॉस्पिटलांमधले गॅसचे पाइप आणि त्यांचे गजर तपासणं हा त्यांचा धंदा. खांद्याला दाब मोजायच्या घड्याळांची जड पिशवी, पायात धावायचे बूट, आणि केस असे बांधलेले की पाइपच्या खाली शिरताना कशात अडकू नयेत.

"सरळ केस आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पेटीपाशी कोण जातं? मामा. पॅनेलचा आवाज बंद करायचं बटण कोणाला ठाऊक? मामांना. त्यांनी काहीतरी करायला म्हणून व्हॉल्व्ह बंद केला, गजर होऊ नये म्हणून पॅनेल गप्प केलं, आणि मग विसरले. वय झालं. कबूलही केलंय जवळजवळ. तुमचा अहवाल आला की उद्या निलंबन."

"चार महिने राहिलेत ना त्यांचे?"

"म्हणून तर वाईट वाटतं." व्यवस्थापकांनी वाईट वाटल्याचा चेहरा केला. तो त्यांना जमत नव्हता.

"एक आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "मी हे काम मामांकडेच शिकले. वीस वर्षांपूर्वी. शाळा सोडली होती, सिलिंडर मोजायला लागले होते. त्यांनी पान्यांची नावं शिकवली, मग पाइपांची. बाकीचं माझं मी वाचून शिकले."

"मग तुम्ही त्यांना वाचवायला आलात म्हणायचं."

"मी पाइप तपासायला आलेय साहेब. पाइप कुणाचे भाचे नसतात."

पण जिना चढताना त्या त्याच विचारात होत्या. मामांचं लक्ष नव्हतं? ज्या माणसाने एकदा नुसत्या फुसफुशीवरून तीन मजल्यांतली गळती शोधली होती, त्याचं? आणि आणखी एक गोष्ट डोक्यात टोचत होती. या पॅनेलचा आवाज बंद करता येतो, हे खरं. पण लाल दिवा बंद करता येत नाही. दाब पुन्हा नीट होईपर्यंत तो जळतच राहतो. पॅनेल मुद्दाम अशीच बनवतात, माणसाचा आळस ओळखून.

आणि सिस्टरने तर हिरवा दिवा पाहिला होता.

३

"हिरवाच होता," सिस्टर म्हणाली. "माझ्या डोळ्यांची शपथ घेते. चष्मा नवीन आहे."

"आकडा?"

"चार पूर्णांक एक. आज आहे तोच. हा आकडा मी कधी बदललेला बघितला नाही बाई. आमच्या सासूबाईंच्या मतासारखा आहे तो."

"पूर्वीपासून?"

सिस्टरने जरा आठवलं. "नाही हो. आधी थोडा वरखाली व्हायचा. व्हरांडा रुंद केला ना दीड महिन्यापूर्वी, तेव्हापासून ठाम झालाय. आम्हाला वाटलं, काम चांगलं झालं."

बाई व्हरांड्यात आल्या. ताज्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. भिंतीत पेटी, पण तिला झाकण नव्हतं. नुसता उघडा चौकोन आणि त्यात तीन दांड्या. ऑक्सिजनची उभी, बाकी दोन आडव्या.

"या दोन बंद का?"

"हवा आणि कफ ओढायचं सक्शन. भिंत सरकवल्यावर ते जोडायचे राहिलेत. मशीन आणून भागवतोय."

ऑक्सिजनची दांडी पाइपला तारेने बांधली होती. दुहेरी वेढा, टोक आत वळवलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. ही गाठ बाईंच्या ओळखीची होती. त्यांना ती शिकवताना मामांनी एक अख्खी दुपार घालवली होती.

"हे केव्हा बांधलं मामांनी?"

"त्याच दिवशी. लगेच. आणि स्टूल टाकून संध्याकाळपर्यंत इथं बसून राहिले, राखण करत. मी म्हटलं, मामा, आता कशाला? तर म्हणे, पाय दुखतात."

पेटीच्या समोरच्या भिंतीला एक बाक होता. "त्यावर नका बसू," सिस्टर म्हणाली, "डुगडुगतो. पडाल." पण बाकावर एक आजोबा आधीच बसलेले होते, अगदी ताठ. त्यांनी सरकून बाईंना जागा केली. बाई बसल्या. बाक जागचा हलला नाही.

"तुमचं कोण आहे आत?" बाईंनी विचारलं.

"आमची ही. आजचा अकरावा दिवस." आजोबांनी बोलता बोलता बाईंची पिशवी उचलली आणि बाकाच्या कडेला समांतर ठेवली. "आत सोडतात फक्त संध्याकाळी. दिवसभर माणसाने करायचं काय? छापखान्यात होतो मी. एकतीस वर्षं अक्षरांचे खिळे ओळीत जुळवले. आता हाताला काम नाही म्हटलं की हात स्वस्थ बसत नाहीत."

"आजी कशा आहेत आता?"

"परवा जरा यंत्रात बिघाड झाला म्हणतात. मी औषध आणायला खाली गेलो होतो तेवढ्यात. देव दयाळू." त्यांनी चष्मा पुसला. "ते तुमचे मामा फार भला माणूस. तेव्हापासून रोज माझ्यासाठी चहा आणतात. त्यांचं काही वाईट नाही ना व्हायचं? इथले लोक काहीबाही बोलतात."

"नाही होणार," बाई म्हणाल्या, आणि आपण हे कशाच्या जोरावर बोललो, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

४

नवा अभियंता सव्वीस-सत्तावीसचा. टाय लावायचा, म्हणून सगळे त्याला 'टायसाहेब' म्हणायचे आणि तो ते मानाने घ्यायचा.

"मॅडम, पॅनेल परफेक्ट आहे. व्हरांड्याचं काम झालं तेव्हा मी स्वतः टेस्ट केलं. अजूनही रोज सकाळी आठला करतो. नोंद आहे, सही आहे."

"कसं करता ते दाखवा."

त्याने पॅनेलवरचं 'टेस्ट' लिहिलेलं बटण दाबलं. हिरवे, पिवळे, लाल, सगळे दिवे एकदम पेटले आणि असा कर्कश आवाज झाला की सिस्टर खाटेपाशी "अहो, माझे पेशंट!" म्हणून ओरडली. त्याने बटण सोडलं. सगळं पुन्हा हिरवं, चार पूर्णांक एक.

"बघितलंत? वर्किंग. याचाच अर्थ त्या दिवशी कुणीतरी छेडछाड केली."

"बस एवढंच?"

"एवढंच म्हणजे? तीच टेस्ट आहे."

बाई त्याच्या शेजारी भिंतीला टेकल्या. त्यांना त्याचा राग येईना. वीस वर्षांपूर्वी त्यांनीही हेच बटण दाबून मामांना रुबाबात सांगितलं होतं, झालं तपासून.

"तुमच्या बिल्डिंगला वॉचमन आहे?"

"आहे."

"त्याला रात्री विचारलं, जागा आहेस का, आणि तो म्हणाला, हो जी. तर तो जागा आहे, त्याला आवाज आहे, एवढं कळलं. पण तो पुढच्या दाराशी बसलाय की मागच्या, हे कळलं का?"

टायसाहेब हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे?"

"या बटणाने दिवे लागतात का आणि भोंगा वाजतो का, एवढंच समजतं. पाइपमधला दाब मोजणारा सेन्सर कुठे बसलाय आणि काय बघतोय, याचा त्यात काही संबंध येत नाही. त्यासाठी एकच उपाय. व्हॉल्व्ह खरोखर बंद करायचा आणि दाब खरोखर पाडायचा."

"पेशंट असताना?"

"पेशंटला सिलिंडरवर घेऊन, डॉक्टर शेजारी उभे करून. तुम्ही आल्यापासून असं कधी केलंय?"

त्याने टायची गाठ सैल केली. "मामा म्हणाले होते एकदा. व्हरांड्याचं काम संपल्यावर. मी म्हटलं, बटण आहे ना. वर्ष नाही झालं मला इथं, मॅडम. घाबरलो मी. चालू व्हॉल्व्ह बंद करायचा म्हणजे..."

"घाबरलात ते बरोबरच होतं. विचारलं नाहीत, ते चुकलं."

"आणि टेलिफोन खोलीतलं मोठं पॅनेल? तेही वाजलं नाही की."

"ते सिलिंडरांच्या साठ्यावर आणि मुख्य पाइपवर लक्ष ठेवतं. तिथं काही कमी नव्हतंच, मग ते कशाला वाजेल? या खोलीची काळजी फक्त याच पॅनेलने करायची." बाईंनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं. "आणि याने ती का केली नाही, ते आपण दुपारी याच्याच तोंडून ऐकू."

५

मामा तळघरात, सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधे बसले होते. एक रांग चालू, दुसरी राखीव. पहिली संपली की दुसरी आपोआप लागते, आणि लागली की टेलिफोन खोलीत दिवा पेटतो. बाईंना लहानपणी ही रचना एखाद्या चांगल्या घरासारखी वाटायची. एक दमला की दुसरा न बोलता उभा राहतो.

"आलीस पोरी," मामा म्हणाले. "बारीक झालीस."

"तुम्ही जाड झालात. मामा, खरं काय ते सांगा."

"तू पाइप तपास."

"तपासतेच आहे. माणसाचंही विचारतेय."

मामांनी जुन्या स्टोव्हवर चहाचं भांडं ठेवलं, काडेपेटीसाठी खिसा चाचपला आणि मग जीभ चावली. इथे आग चालत नाही, हे चौतीस वर्षं लोकांना ओरडून सांगणारा हा माणूस. तो स्टोव्ह ते कधीच पेटवत नसत, चहा बाहेरून आणायचे आणि भांडं नुसतं त्यावर ठेवायचे. पण आज हात कुठेही जात होते.

कोपऱ्यात पेटीचं पारदर्शक झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं, मधोमध तडा गेलेलं. त्याला चिकटवलेल्या कागदावर मामांच्या अक्षरात तीन तारखा.

"नवीन झाकण तीनदा मागितलंत?"

"रंगवाल्यांनी तोडलं ते. काढून खाली आणलं, धार लागली असती कुणाला. अर्ज तीनदा वर गेला, तीनदा 'पुढे बघू' होऊन खाली आला. तोवर मी कागद लावला होता पेटीवर, हात लावू नये म्हणून."

"आता नाहीये तिथं कागद."

"नाही," मामा म्हणाले, आणि चहाचं भांडं फडक्याने पुसू लागले.

बाईंनी त्यांच्या समोर बैठक मारली. "त्या दांडीला तार बांधलीत. स्टूल टाकून राखण केलीत. व्हॉल्व्ह तुम्हीच विसरून बंद केला असता, तर राखण कोणापासून केलीत? स्वतःपासून?"

"वाऱ्यापासून."

"मामा!"

"जोराचा असतो हल्ली," मामा म्हणाले. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते भीतीने भरलेले नव्हते, एवढं बाईंना कळलं. गुन्हा केलेल्या माणसाचे डोळे त्यांनी पाहिले होते. हे दुसऱ्याचं ओझं उचललेल्या माणसाचे होते.

६

दुपारी तीनला आजींना सिलिंडरवर घेतलं. डॉक्टर खाटेशी, सिस्टर बाटलीशी, व्यवस्थापक दारात. आजोबांना डॉक्टरांनी खाली चहाला पाठवलं होतं. मामा व्हरांड्यात दूर, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांना इथे यायला सांगितलं नव्हतं आणि जायलाही कुणी सांगितलं नाही.

बाईंनी भिंतीतल्या ऑक्सिजनच्या तोंडाला आपलं घड्याळ लावलं. काटा चारच्या जरा पुढे.

"टायसाहेब, व्हॉल्व्ह बंद करा. तुमच्या हाताने."

तार सोडली. दांडी आडवी झाली. बाईंनी भिंतीतल्या त्या तोंडातून थोडा थोडा गॅस सोडला. घड्याळाचा काटा खाली येऊ लागला. सव्वातीन. "इथे वाजायला हवं," बाई म्हणाल्या. तीन. "दाब पाचव्या भागाने उतरला की गजर, असा नियम आहे. कधीच उलटून गेलं ते." दोन. एक. काटा शून्यावर टेकला.

सगळ्यांनी पॅनेलकडे पाहिलं.

हिरवा. चार पूर्णांक एक.

"अगं बाई," सिस्टर पुटपुटली.

"पण हे... हे बिघडलंय!" व्यवस्थापक म्हणाले.

"बिघडलेलं नाही. बिचारं खरं बोलतंय." बाई पेटीपाशी गेल्या आणि वरच्या जाळीतून टॉर्च मारला. "पूर्वी पेटी इथून चार फूट अलीकडे होती. पाइप आधी व्हॉल्व्हमधून जायचा, मग सेन्सरपाशी, मग पेशंटकडे. व्हरांडा रुंद करताना पेटी सरकवून आत नेली, सेन्सर जागच्या जागी राहिला. आता पाइप आधी सेन्सरपाशी येतो आणि मग व्हॉल्व्हमधून जातो. दांडी बंद केली तरी सेन्सरच्या बाजूला दाब भरपूरच. त्याला दिसतंय ते तो सांगतोय. पलीकडे माणूस गुदमरतोय, हे त्याला दिसतच नाही. गेला दीड महिना या खोलीला गजरच नव्हता. फक्त हिरवा दिवा होता."

टायसाहेबाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "मी सही केली होती," तो हळूच म्हणाला. "रोज."

"तर मामांनी पॅनेल गप्प केलं नव्हतं," सिस्टर व्यवस्थापकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

व्यवस्थापक घसा खाकरले. "ठीक. अर्धं झालं. पण दांडी आपण होऊन फिरत नाही. ती कोणी फिरवली? मला नाव पाहिजे. नाहीतर मामांनी ते कबूल केलंय, तेच कायम राहील."

दूर भिंतीपाशी मामांनी मान खाली घातली.

७

दांडी पुन्हा उभी करून, तार बांधून सगळे पांगल्यावर बाई व्हरांड्यात एकट्याच बाकावर बसल्या.

कोणी फिरवली? वैर असतं तर माणूस तीनही दांड्यांचा गोंधळ करतो, किंवा रात्री करतो. इथे भर सकाळी, एकच दांडी, अगदी काटकोनात. कोपर लागून फिरावी इतकी ती हलकी नाही. कुणीतरी शांतपणे, नीट फिरवली होती. का?

त्या पेटीकडे बघत राहिल्या. तारेने बांधलेली एक उभी, दोन आडव्या. एक उभी, दोन आडव्या. गॅसमधलं काही न कळणाऱ्या माणसाने आठ-नऊ दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, इथून हेच बघितलं तर?

दोन एका ओळीत आणि तिसरी ओळीबाहेर.

बाईंनी खाली पाहिलं. त्यांची पिशवी आताही बाकाच्या कडेला समांतर होती. सिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे डुगडुगायला हवा होता तो बाक जागचा हलत नव्हता. त्या गुडघ्यांवर बसल्या. बाकाच्या आखूड पायाखाली कागदाची घडी होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून आठ पदरी केलेली. त्यांनी ती ओढून उलगडली.

मागची बाजू कोरी. पुढे मामांचं ठळक अक्षर: 'ऑक्सिजन चालू. हात लावू नये.' वरच्या चिकटपट्टीला भिंतीच्या ताज्या रंगाचा पापुद्रा. पट्टी रंगासकट सुटली होती, कागद पालथा पडला होता, आणि कुणीतरी तो कोरा कचरा समजून कामी लावला होता. लिहिलेलं त्याने पाहिलंच नव्हतं.

मामा शेजारी येऊन उभे राहिले होते.

"सापडला वाटतं," ते म्हणाले.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. मी दांडी उभी करून इथंच उभा. आजोबा औषधं घेऊन आले. पेटीकडे बघून म्हणतात, अहो, पुन्हा उभी राहिली का ती? मघाशीच आडवी केली होती मी, बाकीच्यांसारखी." मामांनी ओठ दाबून धरले. "आत त्यांची बायको नुकती वाचलेली. आणि हा माणूस माझ्याकडे शाबासकीच्या आशेने बघतोय. काय सांगणार होतो? म्हटलं, बरं केलंत आजोबा, स्प्रिंग ढिली आहे तिची, मी बघतो."

"आणि सगळं स्वतःवर घेतलंत."

"काय घेतलं? पेटी कुणाची? माझी. झाकण नाही, कागद पडलेला मला दिसला नाही. लक्ष माझंच नव्हतं. खोटं कुठे बोललो मी?"

"चौतीस वर्षांवर बोळा फिरला असता मामा."

"फिरला असता. चार महिन्यांनी मला कोण विचारणार आहे? त्यांना मात्र उरलेला प्रत्येक दिवस तिच्या शेजारी काढायचाय. हे डोक्यात घेऊन काढतील?"

बाईंनी कागद घडी करून खिशात घातला आणि बाकाच्या पायाखाली आपल्या वहीचा पुठ्ठा फाडून सरकवला.

व्यवस्थापकांच्या खोलीत त्यांनी अहवाल ठेवला. सेन्सर व्हॉल्व्हच्या चुकीच्या बाजूला. खरी चाचणी झालेली नाही. पेटीला झाकण नाही आणि सूचनेचा कागद ओल्या रंगामुळे पडलेला. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाचाही हात लागावा अशी पेटी, आणि तसा तो अजाणता लागला. गॅसमामांचा दोष नाही.

"अजाणता लागला म्हणजे कोणाचा? नाव?"

"नाव मला माहीत आहे आणि मी ते लिहिणार नाही. त्या माणसाचं चुकलं नाही, म्हणून. आणि नाव लिहायचंच म्हणाल, तर झाकणाचा अर्ज तीनदा परत पाठवणाऱ्याचं आधी लिहावं लागेल. खालच्या सह्या मी अजून नीट वाचलेल्या नाहीत. वाचू?"

व्यवस्थापकांनी अहवाल आपल्याकडे ओढला, चष्मा लावला, काढला. "झाकण आजच मागवतो," ते म्हणाले. "आणि सेन्सर उद्या सरकवू. तोवर या कक्षात कुणीतरी चोवीस तास बसवा."

"मामा आणि टायसाहेब बसणार आहेत. त्यांनीच ठरवलंय. टायसाहेबांना तेवढ्यात गाठी मारायला शिकायचंय."

आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो अहवालात बसणारा नव्हता. आजोबांना सांगायचं का? लपवायचं तर तेही माणसाला फसवणंच. सांगायचं तर कोणत्या तोंडाने? निरोप घ्यायला बाई आत गेल्या तेव्हा आजोबा खाली औषधाच्या खिडकीशी रांगेत होते. आजींच्या नाकातली नळी तासाभरापुरती काढली होती आणि त्या उशीला टेकून बसल्या होत्या.

"तुम्हीच का त्या गॅसवाल्या?" त्यांचा आवाज चिरका, पण हुकमी होता. "बसा. मला कुणी काही सांगत नाही. परवा काय झालं होतं?"

"थोडा वेळ ऑक्सिजन येत नव्हता आजी. आता पक्कं केलंय."

"का येत नव्हता?"

बाई अडखळल्या. "बाहेर एक दांडी होती. ती फिरवली गेली."

आजी छताकडे बघत राहिल्या. "उभी होती की आडवी?"

"उभी."

"आणि शेजारच्या?"

"...आडव्या."

आजींनी डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले. बाई घाबरून सिस्टरला हाक मारणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी हसते आहे. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत.

"आमच्या लग्नाच्या फोटोत यांचा हात आलाय," त्या धाप घेत म्हणाल्या. "फोटो निघता निघता माझी मान सरळ करत होते. त्यांना माहीत आहे?"

"नाही. सांगावं की नाही, तेच मला उमगत नाहीये."

"तुम्ही नका सांगू. मी सांगेन." आजींनी पदराने डोळे टिपले. "घरी गेल्यावर. त्रेचाळीस वर्षं झाली, भांडणात माझ्याकडे एक धड मुद्दा नाही हो. हा जन्मभर पुरेल." मग त्यांनी बाईंचा हात धरला. बोटं गार होती, पण पकड घट्ट. "आणि मी सांगेन तेव्हा त्यांच्या समोर बसलेली असेन ना. चांगली धडधाकट, तावातावाने भांडत. तेव्हा ऐकलं, तर त्यांना इतकं लागणार नाही."